दूध डेअरीचं जुनं सॉफ्टवेअर आणि टर्मिनलमधला एआय: निपाणीतल्या एका ऑफिसात तो बसवताना काय झालं

पार्श्वभूमी

ही हकीकत निपाणीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसची आहे. मालकांच्या परवानगीनं लिहितोय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, टेस्टिंगला ठेवलेला जुना थर्मल प्रिंटर आणि दोन माणसं. मालक पन्नाशीतले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आपणही अण्णाच म्हणू. दुसरी त्यांच्याकडं काम करणारी, बीसीए झालेली पोरगी, तिला ताई म्हणू. मी बेळगावात असतो, अशा छोट्या ऑफिसांना सर्व्हर, बॅकअप, इन्स्टॉलेशन असल्या कामात मदत करतो, म्हणून ह्यात आलो.

यांचं सॉफ्टवेअर दूध संकलनाचं. गावातली डेअरी सकाळ-संध्याकाळ दूध घेते, लिटर मोजलं जातं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) निघतो, रेट चार्टमधनं दर लागतो आणि उत्पादकाच्या हातात चिठ्ठी पडते, दर दहा दिवसांनी बिल. गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीला ६ आणि ९, हा पाया धरायचा आणि त्याच्या वर-खाली पॉइंटमागं, म्हणजे ०.१ मागं, दर वाढवायचा नाहीतर कापायचा. हिशोब साधा वाटतो पण घराघरातला पैसा ह्याच चिठ्ठीवर चालतो, शाळेची फी, दुकानाची उधारी, पेंडीचं बिल, सगळं.

गिऱ्हाईकं हद्दीच्या दोन्ही बाजूला. निपाणी-चिकोडीकडच्या डेअऱ्या आहेत तशाच पलीकडं कागल तालुक्यातल्याही. १९५६ ला राज्यांची हद्द मधनं गेली तरी सोयरीक आणि बाजार दोन्हीकडचा, त्यामुळं चिठ्ठी कुणाला मराठीत लागते, कुणाला कन्नडमध्ये आणि बऱ्याच गावांना दोन्ही. आपलं नाव आपल्या लिपीत नीट छापून यावं हा आमच्या भागात जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यात काही चुकलं तर माणूस काउंटरवर येऊन उभा राहतो आणि त्याचं उभं राहणं रास्तच असतं.

कोड पीएचपीत, डेटा मायएसक्यूएलमध्ये, बहुतेक अण्णांनी स्वतःच शिकत शिकत लिहिलेलं. मराठी नावं जुन्या फॉन्टात साठवलेली, कन्नड नावं नुडी ह्या कन्नड सॉफ्टवेअरच्या फॉन्टात. म्हणजे डेटाबेस उघडला तर आत मराठीही नाही आणि कन्नडही नाही, नुसती इंग्रजी चिन्हं, तो ठरावीक फॉन्ट लावला तरच वाचता येणार. ज्या पीसीवर फॉन्ट नाही तिथं सगळा कचरा दिसायचा, मोबाईलवर चिठ्ठी पाठवायचा तर प्रश्नच मिटला.

नेमकी अडचण

कामं दोन होती. एक, हा सगळा डेटा युनिकोडमध्ये, म्हणजे ठरावीक फॉन्ट नसला तरी वाचता येणाऱ्या पद्धतीत, आणायचा. दोन, प्रत्येक डेअरीचा रेट चार्ट वेगळा असल्यानं कोडच्या तितक्याच वेगळ्या कॉप्या झालेल्या, एका गावात दुरुस्ती केली की बाकीच्या गावांत हातानं करायची, त्या सगळ्यांचं मिळून एकच प्रोग्रॅम करायचा आणि दर बाहेरच्या फाईलमधनं वाचायचा. ताई एकटी हे करत बसली असती तर वर्ष गेलं असतं.

तेवढ्यात अण्णांनी कुठंतरी व्हिडिओ बघितला, काळ्या स्क्रीनवर, म्हणजे टर्मिनलवर, माणूस साध्या भाषेत सांगतोय आणि एआय असिस्टंट स्वतः फायली उघडून, कोड बदलून, चालवून बघतोय. ब्राऊजरमधल्या चॅटपेक्षा हे वेगळं आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, तिथं कोड आपण चिकटवतो, इथं तो आपल्या फोल्डरात येऊन काम करतो. "हे आपल्याकडं घाल," त्यांनी ताईला सांगितलं.

ताईनं ऑफिसच्या मेन मशीनवर, विंडोज १० वर, सुरुवात केली. असिस्टंट चालायला लागणारं नोड इन्स्टॉल केलं, पॉवरशेल ह्या विंडोजच्या टर्मिनलमध्ये एनपीएमची, म्हणजे नोडची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमची, कमांड दिली आणि लाल अक्षरात उत्तर आलं की ह्या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. हे बऱ्याच जणांना येतं, घाबरायचं काही नसतं, पॉवरशेलची एक्झिक्युशन पॉलिसी आपल्या युजरपुरती रिमोटसाइन्ड केली किंवा तीच कमांड साध्या सीएमडीत दिली तर जातं. पण तिला कुणीतरी फोनवर सांगितलं की विंडोजवर डोकं खाऊ नको, डब्ल्यूएसएल घाल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स. ते घालायला गेली तर व्हर्च्युअलायझेशन बंद, मग रिस्टार्ट, बायोसमध्ये जाऊन चालू केलं, मग उबंटू २२.०४ हे लिनक्स आलं. तिथं एपीटी ह्या उबंटूच्या इन्स्टॉलरनं नोड घेतलं तर १२ नंबरचं आलं, कारण २२.०४ च्या स्वतःच्या भांडारात तेच आहे. त्या असिस्टंटला किमान १८ लागत होतं, त्याच्या खाली तो चालूच होत नाही. मग परत शोधाशोध, मग परमिशन नाकारली असा एरर, मग परत कुणाचा तरी सल्ला की पुढं सुडो लाव म्हणजे जाईल.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण सुडोचा सल्ला सगळीकडं सर्रास दिला जातो. एनपीएमला सुडो लावलं की ते पॅकेज आणि त्याच्यासोबत येणाऱ्या इन्स्टॉल स्क्रिप्ट सगळ्या मशीनच्या मालकाच्या अधिकारानं चालतात. पॅकेजचं नाव टाईप करताना एक अक्षर इकडंतिकडं झालं आणि त्या नावानं कुणी घातक पॅकेज टाकून ठेवलेलं असलं तर त्याला सगळं घर उघडं. वर पुढच्या वेळी अपडेट करताना परत तोच परमिशनचा एरर, कारण फायली आता रूटच्या, म्हणजे त्या मशीनच्या मालक युजरच्या, झालेल्या. ताईनं सुडो लावलं नाही, तिला ते पटलं नाही एवढंच तिचं कारण होतं. तिनं एनव्हीएम हा नोड बसवायचा प्रोग्रॅम शोधून काढला, त्यानं नोड आपल्याच होम फोल्डरात बसतं, परमिशनचा विषयच राहत नाही.

तरीही चालेना, कारण तिनं आधी विंडोजमध्ये पण नोड टाकलेलं आणि डब्ल्यूएसएलच्या आतनं विंडोजचाच एनपीएम उचलला जात होता. कुठला एनपीएम चालतोय हे which npm ह्या कमांडनं विचारलं आणि रस्ता /mnt/c असा, म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्हचा, दाखवला तेव्हा कळलं. ती टर्मिनल बंद करून नवीन उघडली, एनव्हीएमचं नोड आधी आलं, आणि असिस्टंट एकदाचा चालू झाला.

चालू झाल्या झाल्या त्यानं पहिला प्रश्न विचारला, ह्या फोल्डरमधल्या फायलींवर तुमचा विश्वास आहे का, हो किंवा नाही. ताईनं तो अण्णांना मराठीत वाचून दाखवला.

"आपलाच फोल्डर हाय की गं, दे हो म्हणून," अण्णा म्हणाले.

"फोल्डर आपला आहे अण्णा, पण ह्यातच बॅकअप पण आहे. सगळ्या डेअऱ्यांचा. खाते नंबर, आधार नंबर, कुणी किती ॲडव्हान्स उचललाय, सगळं. ते लोकांचं आहे."

अण्णा काही बोलले नाहीत. ताईनं कर्सर 'नाही'वर नेऊन एंटर मारला आणि मग मला फोन केला, इन्स्टॉल झालंय पण चालू करू का नको ते तुम्ही सांगा म्हणून.

खरं सांगायचं तर तो प्रश्न वेगळ्या कारणासाठी असतो. अनोळखी फोल्डरात कुणी असिस्टंटला फसवणाऱ्या सूचना लिहून ठेवल्या असतील तर त्या पाळल्या जाऊ नयेत म्हणून तो विचारतो. पण ताईनं त्यातनं जो दुसरा प्रश्न काढला तोच ह्या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. असले असिस्टंट सगळा फोल्डर एकदम वर पाठवत नाहीत, मात्र जी फाईल उघडून वाचतील तिचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवरच्या मॉडेलकडं जातो, आणि कुठली फाईल उघडायची हे बऱ्याच वेळा तेच ठरवतात. नावं युनिकोडमध्ये आण म्हणून सांगितल्यावर नावं कुठं आहेत ते शोधायला तो बॅकअपमध्ये जाणार हे उघड आहे. इन्स्टॉल कुठं करतो त्यावरच त्याचा हात कुठपर्यंत पोचणार ते ठरतं, आणि हे नंतर सेटिंगमधनं बघू म्हणून सोडण्यासारखं नाही.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी मी निपाणीला गेलो, तिघं बसलो.

पहिला पर्याय, आहे तसंच पुढं जायचं, फक्त बॅकअपचा फोल्डर दुसरीकडं हलवायचा. सोपं होतं पण डब्ल्यूएसएलमधनं सगळा सी ड्राइव्ह दिसतो, फोल्डर डेस्कटॉपवर हलवला तरी तो त्याच मशीनवर. आणि त्याच मशीनवर डेअऱ्यांचे सेक्रेटरी पेन ड्राइव्ह घेऊन येतात, उद्या कोण काय कुठं कॉपी करेल ह्याचा नेम नाही.

दुसरा, मॉडेल आपल्याच मशीनवर चालवायचं, ओलामा वगैरे वापरून, म्हणजे डेटा बाहेर जायचाच नाही. अण्णांना हा फार आवडला आणि तत्त्व म्हणून मलाही आवडतो. पण ८ जीबी रॅमच्या मशीनवर सात-आठ अब्ज पॅरामीटरचं दाबून लहान केलेलं मॉडेल जेमतेम चालतं, हळू चालतं, आणि अनेक फायलींत बदल करायचं काम त्याला झेपत नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर ऑफिसचं गणित बसत नव्हतं.

तिसरा, इन्स्टॉलच करायचं नाही, ब्राऊजरमध्ये थोडा थोडा कोड चिकटवायचा. हा वाईट पर्याय नाही, काय बाहेर जातंय ते प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर असतं. पण कॉप्यांची तुलना करून एक प्रोग्रॅम करायचं काम असं चिकटवून होत नाही.

चौथा, वेगळं मशीन. ऑफिसात एक जुना लॅपटॉप पडून होता, ताईच्या आधी इथं कामाला असलेल्या पोराचा, विंडोज त्यावर रेंगाळायचं. अण्णांचा आक्षेप असा की एआयला तर भारी मशीन लागतं, हा खटारा काय उपयोगाचा. पण जड काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं, इथं फक्त टर्मिनल आणि फायली, चार जीबी रॅम आणि साधं उबंटू पुरतं. हे कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

कुठला असिस्टंट हाही प्रश्न होताच. २०२५ मध्ये एकामागनं एक आले, एप्रिलमध्ये ओपनएआयचा कोडेक्स सीएलआय, मे महिन्यात अँथ्रोपिकचा क्लॉड कोड सगळ्यांसाठी खुला झाला, जूनमध्ये गूगलचा जेमिनी सीएलआय, आणि एडर तर त्याच्याही आधीपासनं होता. यांनी कुठला घेतला ते इथं लिहीत नाही, कारण ह्या प्रकरणात जे ठरवायचं होतं ते कुठलाही घेतला तरी ठरवावंच लागलं असतं. खात्याच्या अटी मात्र आम्ही बसून वाचल्या. फुकटच्या वैयक्तिक खात्यावर पाठवलेला मजकूर मॉडेल सुधारायला वापरला जाऊ शकतो अशा अटी बऱ्याच ठिकाणी असतात, काही ठिकाणी सेटिंगमधनं ते बंद करता येतं, कामासाठीच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यांना अटी वेगळ्या. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आल्यापासून दुसऱ्याची माहिती सांभाळणाऱ्या छोट्या ऑफिसानंही हे वाचायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. अण्णांनी पैसे भरायचं ठरवलं, महिन्याला वीस डॉलरच्या आसपास.

प्रत्यक्ष काय केलं

लॅपटॉप पुसून स्वच्छ केला आणि उबंटू घातलं. एनव्हीएम, त्यावर २२ नंबरचं नोड, मग असिस्टंट, पॅकेजचं नाव अधिकृत पानावरनं कॉपी करून, टाईप न करता. ही सगळी पायरी चहा येईपर्यंत झाली, मेन मशीनवर ज्यात दिवस गेले तेच. नव्या मशीनवर आधीचा गुंता नसतो हे त्याचं कारण, हुशारी काही नाही.

पैसे भरताना अडकलं. कार्ड चालेना, ओटीपीच येईना. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आपण चालू केल्याशिवाय बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन अण्णांनी ते चालू केलं आणि मर्यादाही कमी ठेवली. ही मर्यादा ठेवायची सूचना ताईची.

मग डेटाचं काम, आणि इथं आम्ही सगळ्यात जास्त वेळ घातला. मेन मशीनवरच्या डेटाबेसचा नुसता सांगाडा काढला, टेबलं आणि कॉलम, आतली एकही ओळ नाही. तेवढाच लॅपटॉपवर नेला. त्यात भरायला ताईनं बनावट उत्पादकांची यादी केली, आणि ती करताना तिनं मन लावून अवघड नावं निवडली. मिर्जी, शिंत्रे, निर्मला, दुर्गाप्पा, कुरबेट्टी, हिरेमठ. कारण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं, दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर म्हणून जुन्या फॉन्टात तो नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. मिर्जी ह्या एका आडनावात दोन्ही अडचणी आहेत, ते बरोबर आलं तर बाकीची निम्मी नावं आपोआप बरोबर. कन्नडमध्येही रकाराचं असंच होतं, अर्कावत्तू बाजूला नंतर लिहिलं जातं आणि साठवताना आधी. ताईची शाळा कन्नडमध्ये, घर मराठीत, त्यामुळं दोन्ही याद्या तिनं स्वतः तपासल्या, हे काम मला जमलं नसतं.

असिस्टंट चालू करायच्या आधी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट लावलं आणि आहे तसा सगळा कोड पहिल्या कमिटमध्ये, म्हणजे पहिल्या नोंदीत, ठेवला. मग सूचनांची फाईल, असे असिस्टंट प्रत्येक वेळी सुरुवातीला ती वाचतात. त्यात लिहिलं की रेट चार्टच्या हिशोबाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एका वेळी एकाच डेअरीची कॉपी घ्यायची, प्रत्येक बदलानंतर नावांची टेस्ट चालवायची. पण अण्णांना मी आधीच सांगितलं, ह्या फाईलवर भरवसा ठेवून झोपायचं नाही, ही विनंती आहे, कुलूप नव्हे. कुलूप म्हणजे ती फाईल तिथं नसणं, नाहीतर तिच्यावर लिहायची परवानगी काढून घेणं.

परवानगी विचारायची पद्धत आम्ही पहिल्यापासून होती तशीच ठेवली, म्हणजे फाईल बदलायच्या आधी आणि कमांड चालवायच्या आधी तो विचारणार. सगळ्याला एकदम हो म्हणायची सोय पण असते, आणि दिवसातनं शंभरदा हो म्हणून कंटाळा येतो हे खरं आहे. ताईनं मधला मार्ग काढला, वाचायच्या आणि टेस्ट चालवायच्या कमांडींना कायमची परवानगी, लिहायच्या आणि पुसायच्या कमांडींना प्रत्येक वेळी विचारणं.

एक अनपेक्षित अडचण आली ती टर्मिनलची. मराठी आणि कन्नड तिथं फुटून दिसतं, जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलतीकडं जाते. पहिल्या दिवशी ताईला वाटलं रूपांतरच चुकलंय. तीच फाईल एडिटरमध्ये उघडली तर सगळं व्यवस्थित. तेव्हापासून नियम केला की भारतीय लिप्यांचं काही टर्मिनलमध्ये बघून ठरवायचं नाही. सूचना मराठीत दिल्या तरी असिस्टंटला कळत होत्या, पण देवनागरीला टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते, जास्त लागतात, म्हणून वापराची मर्यादा लवकर भरायची, मग ताई लांबलचक सूचना इंग्रजीत आणि छोट्या मराठीत द्यायला लागली.

लाइट आणि नेट जायचं ते जायचंच. सेशन अर्ध्यात तुटला तर पुढं चालू करता येतो, पण अर्धवट बदललेल्या फायली घेऊन पुढं जाण्यात धोका असतो, म्हणून छोटे छोटे कमिट.

निकाल

नावांचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम तयार झाला. तो असिस्टंटनं बनावट नावांवर लिहिला आणि खऱ्या डेटावर ताईनं मेन मशीनवर स्वतः चालवला, तिथं असिस्टंटला कामाला लावलंच नाही. खरी नावं ऑफिसच्या बाहेर गेली नाहीत. काही नावं तरी चुकली, जुन्या काळात एकाच अक्षराला दोन प्रकारे टाईप करायची सवय होती ती बनावट यादीत नव्हती, ती ताईनं हातानं नीट केली आणि तो प्रकार यादीत घातला.

कॉप्या एकत्र करायचं काम मात्र एका ठिकाणी अडलं, आणि मला ह्या सगळ्यात तीच जागा सर्वात महत्त्वाची वाटते. एका सकाळी ताई बदलांचा डिफ, म्हणजे कुठली ओळ काढली आणि कुठली घातली ते दाखवणारी यादी, वाचत बसलेली असताना तिला दिसलं की असिस्टंटनं कोड स्वच्छ करता करता फॅट घ्यायची एक ओळ बदलली आहे. हिशोबाला हात लावू नको असं सूचनांच्या फाईलमध्ये लिहिलेलं असताना. जुना कोड मशीनवरनं आलेल्या आकड्याचा दुसरा दशांश सरळ कापायचा, ३.४६ आला तर ३.४ धरायचा. नवीन ओळ त्याला जवळच्या आकड्यात नेत होती, म्हणजे ३.५. फरक एका पॉइंटचा, पण तो प्रत्येक चिठ्ठीवर, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक घराला.

ताईनं ते अण्णांपुढं ठेवलं. आता ह्याच्या दोन बाजू होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. प्रोग्रॅमनं गुपचूप दर बदलला असता तर डेअरीचा आणि दूध संघाचा हिशोब जुळला नसता, सेक्रेटरीला जाब द्यावा लागला असता, म्हणून ती ओळ तशी जाऊ देणं चूकच. पण कापायची पद्धत तरी कुणी ठरवली होती? अण्णांनी फार पूर्वी एका डेअरीच्या सांगण्यावरनं ती लिहिली होती आणि मग कॉपी करत करत ती सगळीकडं गेली. ज्या घरातनं दूध येतं त्या घराला हे कधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

बदल परत फिरवला. जुना हिशोब जसाच्या तसा ठेवला, फक्त तो नियम कोडमधनं काढून प्रत्येक डेअरीच्या सेटिंगमध्ये आणला, दुसरा दशांश कापायचा, जवळच्या आकड्यात न्यायचा की आहे तसा धरायचा. आणि अण्णांनी सगळ्या डेअऱ्यांना एक पानाचं पत्र काढलं, तुमच्याकडं सध्या कापायची पद्धत आहे, पुढं काय करायचं ते कमिटीत ठरवून कळवा. एका डेअरीनं दोन्ही दशांश धरायचं ठरवलं आणि तसं बोर्डावर लावलं. काहींनी संघाला विचारतो म्हणून सांगितलं. काहींचं अजून उत्तर नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मेन मशीनवर सुरुवातच करायला नको होती. ताईनं योग्य जागी थांबून प्रश्न विचारला म्हणून निभावलं, पण कुणाचं तरी डोकं वेळेवर चालेल ह्यावर ऑफिसची व्यवस्था उभी करता येत नाही. आधी कागद-पेन घेऊन आपल्याकडं कुणाकुणाची माहिती आहे आणि ती कुठल्या मशीनवर आहे एवढं लिहून काढायला अर्धा तास लागला असता आणि वेगळं मशीन घ्यायचं तिथंच ठरलं असतं.

डब्ल्यूएसएल की सरळ विंडोज, हा वाद फोनवरच्या सल्ल्यांनी ठरू द्यायला नको होता. आता बहुतेक असिस्टंट सरळ विंडोजवरही चालतात, आणि पॉवरशेलचा तो पहिला एरर एका ओळीत सुटणारा होता. डब्ल्यूएसएल घालायचंच असेल तर विंडोजमधलं नोड आधी काढून टाकायचं आणि कोड लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवायचा, सी ड्राइव्हवर ठेवून आतनं उघडला तर सगळं संथ चालतं.

रेट चार्टचा हिशोब नुसता सूचनेत लिहून न ठेवता सुरुवातीलाच त्यावर टेस्ट लिहायला हवी होती, जुन्या प्रोग्रॅमनं काढलेले काही दर घेऊन. ताईनं डिफ वाचला म्हणून ती ओळ सापडली, पण कंटाळलेल्या दुपारी तोच डिफ वाचला असता तर सापडली असतीच असं नाही. टेस्ट असती तर तिथंच लाल झाली असती. आता ती टेस्ट आहे, प्रत्येक डेअरीची वेगळी, आणि त्यात मुद्दाम ३.४६ सारखे आकडे घातलेत.

आणि डेअऱ्यांना आधी विचारायला हवं होतं. बनावट डेटा वापरला तरी त्यांच्या प्रोग्रॅमवर बाहेरचा एआय काम करतोय हे त्यांना माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे. अण्णांनी हे नंतर मनावर घेतलं. ह्या वर्षीच्या मेंटेनन्सच्या करारात त्यांनी मराठी आणि कन्नड दोन्हीत एक कलम घातलंय की उत्पादकांची नावं, खाते नंबर आणि आधार नंबर कुठल्याही एआय असिस्टंटपुढं उघडले जाणार नाहीत, आणि दराच्या हिशोबात कुठलाही बदल डेअरीच्या लेखी परवानगीशिवाय होणार नाही. कन्नड मजकूर ताईनं लिहिला. सह्या घ्यायला ती आणि अण्णा स्वतः गावोगाव जायला लागलेत.